घरची गोळी किती स्वस्त?

गेल्या रविवारी रेंजवर एका काकांनी मला गाठलं. "साहेब, तुम्ही कॉम्प्युटरमधले ना? एक विचारू? पिस्तुलाच्या गोळ्या घरी भरता येतात का? मोबाईलवर बघितलं, अमेरिकेत लोक गॅरेजमध्ये भरतात. लई स्वस्त पडतं म्हणे."

काका नेरूळला रिक्षा चालवतात. मुलगा अकरावीत. माझ्या शेजारच्या लेनवर १० मीटर एअर पिस्तूल मारतो, आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं मारतो. (मी आपला वीकेंडचा नेमबाज. सोमवार ते शुक्रवार ऐरोलीत बग मारतो. :) ) त्याला आता २५ मीटर खेळायचंय. तिथे दोन रुपयांचा छर्रा चालत नाही, खरी काडतुसं लागतात. काकांची झोप त्यामुळेच उडालेली.

मी आधी घाबरलोच. म्हटलं काका, हे कुठे बोलू पण नका. परवान्याशिवाय काडतुसं बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान सात वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत. काका गप्प झाले.

पण ते "स्वस्त पडतं म्हणे" माझ्या डोक्यातून जाईना. इंजिनिअरिंगचा माझा रूम पार्टनर टेक्सासमध्ये असतो, तो हाच उद्योग करतो. रात्री त्याला फोन लावला आणि एक्सेल उघडलं.

त्याचा हिशोब असा. उडवलेल्या काडतुसाची पितळी केस परत वापरायची, म्हणजे ती फुकट. प्रायमर, दारू आणि पुढची बुलेट नवीन. ९ एमएमची एक गोळी घरी साधारण २० सेंटला पडते, दुकानात २५ ला. वाचले पाच सेंट. प्रेस, डाय, वजनकाटा, केसेस घासायचं मशीन धरून सुरुवातीचा खर्च ६०० डॉलर. म्हणजे १२,००० गोळ्या भरल्यावर मुद्दल वसूल! हा पठ्ठ्या महिन्याला २०० गोळ्या मारतो. पाच वर्षं. आणि त्या २०० भरण्यात शनिवारची अख्खी दुपार जाते, तिची किंमत शीटमध्ये नाहीच.

"मग वाचतं काय रे?" मी विचारलं. म्हणाला, "काही नाही. स्वस्त वाटतं म्हणून जास्त मारतो, इतकंच. पण मजा येते."

म्हणजे तो छंद झाला, बचत नव्हे. नवशिक्या माणूस एका गोळीचा भाव बघतो आणि सुरुवातीचा खर्च विसरतो. आपण ईएमआयवर फोन घेताना करतो तेच.

आणि खरी गोम पुढेच आहे. काकांच्या मुलाला खेळायचंय ते २५ मीटर स्पोर्ट पिस्तूल, पॉइंट टू टू बोअरचं. राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये सुवर्ण घेतलं तो याच पिस्तुलाचा खेळ. या काडतुसाला वेगळा प्रायमर नसतोच. पेट घेणारा मसाला केसच्या कडेत भरलेला असतो आणि पिन ती कडाच चेपते. ती केस पुन्हा भरण्याच्या लायकीची राहत नाही. म्हणजे अमेरिकेत राहत असते तरी काकांचे पैसे वाचले नसते.

मग करायचं काय? कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य घेतलं, तेव्हा त्याच्या गोळ्यांसाठी वडिलांनी कर्ज काढल्याचं सगळ्या पेपरांत आलं होतं. आपण व्हॉट्सअॅपवर ते डोळे पुसत फॉरवर्ड केलं. मला विचाराल तर ती अभिमानाची गोष्ट नाही, लाजेची आहे. एका बापाचं कर्ज फळलं. ज्यांचं बुडालं, ते पेपरात येत नाहीत.

माझं मत सरळ आहे. पहिली दोन-तीन वर्षं मुलाला काडतुसं लागतच नाहीत. एअर पिस्तूल, छर्रे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ड्राय प्रॅक्टिस: छर्रा न घालता कोऱ्या भिंतीसमोर ट्रिगर दाबायचा. खर्च शून्य. घरी पिस्तूल नसेल तर लिटरची पाण्याची बाटली हात लांब करून धरायची. त्यातून जो स्कोअर काढेल, त्याची पुढची काडतुसं बापाने नाही, क्लबने द्यायची. कुठून? माझ्यासारख्या वीकेंडवाल्यांकडून. एका मॉलवारीत आपण हजार रुपये सहज उडवतो.

परवा हे मी रेंजच्या मीटिंगमध्ये बोललो. महिना ३०० रुपये जास्त. दोघं हो म्हणाले, एकाने "फुकट सवय लागते" म्हणून नाक मुरडलं, बाकीचे "बघू" म्हणाले. हे "बघू" कसलं असतं ते तुम्हाला माहितीच आहे.

काकांना मात्र सांगून टाकलंय, कर्ज काढू नका, सहा महिने थांबा. तोवर माझे ३०० सुरू झालेत. आता उरलेल्या "बघू"वाल्यांच्या मागे लागायचंय.