पिळलेला रॉड आणि यवतमाळचा मे

मे महिन्यात यवतमाळला घरी गेलो होतो. मामाची जुनी टर्बो डिझेल गाडी म्हणे एकदम जोरदार झाली होती. कशी? तर गॅरेजवाल्याने वेस्टगेटचा रॉड आखूड केला आणि पंपावरून डिझेल वाढवलं. "कंपनीवाले इंजिन बांधून ठेवते भाऊ, आपण खोलून देतो." मामा खूश.

हे 'बांधून ठेवणं' माझ्या डोक्यात जातं. पुण्यात माझ्या शेजारच्या क्युबिकलमधले डिग्रीवाले इंजिनीअरही हेच बोलतात, फक्त रॉडऐवजी रीमॅप म्हणतात. पुरावा काय, तर मारुतीच्या गाड्यांत तेच १.३ लिटरचं डिझेल इंजिन ७५ आणि ९० अशा दोन ताकदींत यायचं. अहो, पण ९० वाल्याचा टर्बोच वेगळा होता, पाती हलणारा! नुसता सॉफ्टवेअरचा खेळ नव्हता तो.

टर्बोचं चाक एक्झॉस्टच्या जोरावर मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या मारतं. जास्त एक्झॉस्ट, जास्त वेग, जास्त हवा, मग आणखी एक्झॉस्ट. याला कुठेतरी आवरावं लागतं. म्हणून बूस्टचा दाब एका पडद्याला ढकलतो, ठरलेल्या दाबाला पडद्यामागची स्प्रिंग हरते, रॉड सरकतो, झडप उघडते आणि जादाचा एक्झॉस्ट चाकाला वळसा घालून निघून जातो. रॉड आखूड केला की झडप उशिरा उघडते. झालं 'खोलून'. (सुपरचार्जर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, तिथे जादा हवा बायपास व्हॉल्व्हने परत फिरवतात. आपल्याकडे दिसतो कुठे म्हणा. असो.)

आता हिशोब. हवा दाबली की तापते. बाहेर २० अंश असतील आणि दाब दुप्पट केला, तर साधारण ७० टक्के कार्यक्षमतेच्या कॉम्प्रेसरमधून हवा ११० अंशांच्या आसपास निघते. यवतमाळच्या मे महिन्यात बाहेरच ४५. म्हणजे तीच हवा १४५ ला! दुपटीचं २.३ पट केलंत, तर १६५ च्या वर. "इंटरकूलर आहे ना!" आहे की. पण तो गार करणार त्याच ४५ अंशांच्या वाऱ्याने. कंपनीने जी मोकळी जागा ठेवली होती, ती आपल्या उन्हाने आधीच खाल्लेली असते. हे लोक उरलेलीही विकतात आणि वर पैसे घेतात.

नव्या गाड्यांना लावायची डबी तर याहून भारी. ती सेन्सरचा आकडा कमी करून ईसीयूला सांगते. आपल्या भाषेत सांगायचं तर एक्सेप्शन पकडायची आणि गिळून टाकायची. असा कोड कोणी चेक-इन केला तर आपण रिव्ह्यूमध्ये त्याचं काय करतो?

मामाचा टर्बो नागपूर-हैदराबाद रस्त्यावर, पांढरकवडा सोडून करंजीकडे येताना गेला. दुपारचे दोन, गाडी भरलेली, मागच्या सीटवर ७८ वर्षांची आजी. निळा धूर, मग ताकदच नाही. दोन तास बाभळीखाली बसलो.

नवा टर्बो बसवताना मी गॅरेजवाल्याला म्हटलं, गेज लावून रॉड मूळ मापावर सेट करा. त्याच्याकडे गेजच नव्हतं.

"मग आधी कशावरून केला होता?"

"आवाजावरून."