खजूर, आंबा आणि एक मार्क

‘नारळ, सुपारी, आंबा, खजूर. गटात न बसणारे पद ओळखा.’

शनिवारी रात्री नऊच्या सुमारास केळशीत, मावशीच्या पडवीत बसून माझ्या भाचीने हा प्रश्न वाचून दाखवला आणि पुढचे तीन तास आमच्यापैकी कुणी मोबाइलकडे बघितलंसुद्धा नाही. (याचं थोडं श्रेय तिथल्या रेंजलाही आहे, पण ते असू दे!)

तर झालं असं, की जुन्या ऑफिसातली आमची चौघांची गँग खूप दिवसांनी वीकएंडला बाहेर पडली. एक सीए, एक बँकवाला, एक आयटीवाली आणि फ्रीलान्सिंग करणारी मी. दापोलीहून आंजर्ले, आंजर्ल्याहून केळशी. प्लॅन एकदम सिंपल होता. समुद्र, सोलकढी आणि झोप. पण संध्याकाळी लाइट गेले. पत्ते शोधले तर गड्डीत बदामची राणीच नाही. मग उरलं काय? भाचीचं स्कॉलरशिपचं गाईड! ती बिचारी इमर्जन्सी दिव्याच्या उजेडात ‘वर्गीकरण’ नावाचा धडा सोडवत बसली होती.

‘वर्गीकरण’ आठवतंय ना? बुद्धिमत्ता चाचणीतला तो धडा. चार शब्द दिलेले, तीन एका गोत्रातले, एक घुसखोर. त्याला पकडायचं. आमच्या वेळी ही परीक्षा चौथीला असायची, २०१७ साली ती पाचवीला गेली. वर्ग बदलला, पण घुसखोर काही बदलला नाही.

‘आंबा,’ आयटीवाली दोन सेकंदांत म्हणाली. ‘बाकीची तिन्ही ताडाच्या कुळातली. सरळसोट खोड, फांद्या नाहीत. नेक्स्ट?’

‘एक मिनिट,’ सीए म्हणाला. ‘सुपारी का नाही? बाकीचं सगळं खाऊन पोट भरतं. सुपारी फक्त चघळायची.’

‘नारळ!’ बँकवाल्याने उडी घेतली. ‘आत पाणी असलेलं एकच आहे त्यात.’

मी दादाकडे, म्हणजे माझ्या मावसभावाकडे बघितलं. त्याने गाईडची शेवटची पानं उघडून निकाल दिला, ‘आंबा.’ आयटीवालीने कॉलर ताठ केली. भाची मात्र गप्प. मी विचारलं, ‘तुझं काय उत्तर होतं गं?’

‘खजूर,’ ती हळूच म्हणाली. ‘नारळ, सुपारी, आंबा आपल्या वाडीत आहेत. खजूर दुकानातून आणायला लागतो.’

दोन मिनिटं पडवीत शांतता. काय चूक आहे यात? केळशीतल्या घरात बसून बघितलं तर हेच उत्तर सगळ्यात आधी सुचायला हवं! पण सराव चाचणीत तिला या उत्तराला शून्य मिळालं होतं. तिने कारण विचारलं, तर ‘उत्तर आंबाच आहे’ एवढंच सांगण्यात आलं. मग वहिनीने खरी गोष्ट सांगितली. त्या दिवसापासून ही मुलगी प्रश्न वाचून झाला की आधी मागची उत्तरं बघते. विचार करून मार्क जाणार असेल, तर विचार करायचाच कशाला?

बॉस, इथे मात्र आम्हा चौघांच्या पोटात गलबललं. कारण हे आम्हीही केलेलं होतं. कॉलेजात आणि ऑफिसातही.

चारही उत्तरं बरोबर!

तिचा मूड ठीक करायला मी एक प्रश्न टाकला. ‘टिळक, कर्वे, काणे, आंबेडकर. गटात न बसणारं नाव कोणतं?’ चौघांचंही या मुलखाशी नातं. टिळकांचं मूळ गाव दापोली तालुक्यातलं चिखलगाव. महर्षी कर्वे मुरुडचे. महामहोपाध्याय पां. वा. काण्यांची शाळा दापोलीतली आणि बाबासाहेबांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे.

‘टिळक!’ सीए ओरडला. ‘बाकी तिघांना भारतरत्न.’ एकदम करेक्ट. कर्व्यांना १९५८ साली, काण्यांना १९६३ साली आणि बाबासाहेबांना १९९० साली मरणोत्तर. टिळक गेले १९२० मध्ये आणि भारतरत्न सुरू झालं १९५४ मध्ये.

‘आंबेडकर,’ दादा म्हणाला. ‘बाकी तिघांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातला. बाबासाहेबांचा महूचा.’ हेही करेक्ट!

‘मग कर्वे का नकोत?’ आयटीवाली आता पेटली होती. ‘टिळक एलएलबी, काणे हायकोर्टात वकिली करणारे, बाबासाहेब बॅरिस्टर. कायद्याच्या वाटेला न गेलेले कर्वे एकटेच. ते फर्ग्युसनला गणित शिकवायचे.’ कुणीतरी म्हणालं, गणित तर टिळकही शिकवायचे. खरंय, पण त्यांच्याकडे कायद्याची पदवी होती. मुद्दा टिकला.

राहिले काणे. बराच वेळ कुणाला काही सुचेना. शेवटी माझ्याच डोक्यात ट्यूब पेटली. साहित्य अकादमी! ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथासाठी १९५६ साली त्यांना तो पुरस्कार मिळाला. बाकी तिघांकडे तो नाही.

चार नावं, चार उत्तरं, चारही सिद्ध करता येणारी. भाची डोळे मोठे करून ऐकत होती. ‘मग आत्या, बरोबर उत्तर कुठलं?’

वेडं पिल्लू आणि लाकडाचा ओंडका

हा प्रश्न मोठ्या मोठ्या डोक्यांनाही पडलेला आहे. सातोसी वातानाबे या शास्त्रज्ञाने १९६९ साली याच्यावर एक प्रमेय मांडलं आणि त्याला नाव दिलं ‘कुरूप बदकाच्या पिल्लाचं प्रमेय’. हो, तेच अँडरसनच्या गोष्टीतलं पिल्लू, गदिमांनी गाण्यातून आपल्या घराघरांत आणलेलं. प्रमेयाचं म्हणणं साध्या भाषेत असं. कुठला गुण महत्त्वाचा आणि कुठला बिनमहत्त्वाचा हे आधी ठरवलंच नाही, तर बदकाची दोन पिल्लं एकमेकांशी जितकी सारखी, तितकीच ती राजहंसाच्या पिल्लाशीही सारखी! कुठल्याही तिघांना एकत्र बांधणारा नियम काढता येतो. म्हणजे वेगळेपण काही पिल्लाच्या अंगावर लिहिलेलं नसतं. रंग बघायचा, मान बघायची की पोहणं बघायचं, हे ठरवणारा दुसराच कुणीतरी असतो.

याहून भारी किस्सा रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरियाचा. १९३१-३२ मध्ये तो उझबेकिस्तानातल्या खेड्यांत गेला आणि शाळेचं तोंडही न बघितलेल्या शेतकऱ्यांना त्याने चार चित्रं दाखवली. हातोडी, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका. आपण शाळेत शिकलेली माणसं डोळे झाकून म्हणणार, ओंडका, बाकीची अवजारं. शेतकरी म्हणाले, एकही काढता येणार नाही. ओंडकाच नसेल तर करवत आणि कुऱ्हाड चालवायची कशावर? लुरियाने सांगून पाहिलं, की दुसऱ्या एकाने ओंडका वेगळा काढला आहे. त्यावर एकाचं म्हणणं पडलं, की त्याच्या घरी सरपण भरपूर असेल!

हे ऐकून आतापर्यंत नुसती गालात हसणारी मावशी म्हणाली, ‘बरोबरच आहे त्याचं. ओंडका टाकून दिलास तर चूल पेटवशील कशाने?’

लुरियाच्या तपासणीत ती माणसं ‘वर्गीकरण’ न येणारी ठरली. पण ती बुद्धू होती का? अजिबात नाही. कशाच्या जोडीला काय लागतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांचा नियम वेगळा होता, एवढंच. माझ्या भाचीचा होता तसा.

मग मार्क कसा मिळवायचा?

इथे दादाने ब्रेक लावला. ‘हे सगळं छान आहे, पण तिला परीक्षा द्यायची आहे.’

दादाने तीन वर्षं पुण्यात राहून स्पर्धा परीक्षा दिल्या आहेत. त्या जगात हा वाद गप्पांचा विषय नसतो. परीक्षा झाली की पहिली उत्तरतालिका लागते. मग उमेदवार पुराव्यांसकट हरकती नोंदवतात. मग अंतिम उत्तरतालिका येते. त्यात कधी उत्तर बदलतं, कधी प्रश्नच रद्द होतो. एका परीक्षेत दादाने बरोबर सोडवलेला असाच एक प्रश्न रद्द झाला आणि तो कटऑफच्या खाली गेला. आज तो वाडी आणि दोन खोल्यांचा होमस्टे सांभाळतो, मजेत असतो. पण तो प्रश्न त्याला अजून पाठ आहे.

त्यामुळे त्याने लेकीला जे सांगितलं, ते मला भयंकर पटलं. ‘तुझं उत्तर चूक नव्हतं. पण खजूर दुकानातून येतो, हा नियम केळशीत चालतो. इराकमध्ये बसरा म्हणून गाव आहे, तिथे खजुराच्या बागाच बागा. तिथली मुलगी म्हणेल, खजूर आमच्या दारात आहे, नारळच विकत आणावा लागतो. पण आंब्याला फांद्या असतात आणि बाकीच्यांची खोडं सरळसोट असतात, हे केळशीत खरं आणि बसऱ्यातही खरं. पेपरात असा सगळीकडे चालणारा नियम शोधायचा. घरी मात्र तुझा नियम सांगायचा.’

थोडक्यात, दोन खेळ आहेत. एका खेळात विचारणाऱ्याच्या डोक्यात काय आहे ते ओळखायचं. दुसऱ्यात आपल्या डोक्यात काय आहे ते पटवून द्यायचं. पहिल्यात मार्क मिळतो, दुसऱ्यात मजा येते. गडबड होते ती दुसरा खेळ खेळणाऱ्याला पहिल्या खेळाचं शून्य दिल्यावर, आणि तेही कारण न सांगता. आणि प्रश्न काढणाऱ्यांनाही एक विनंती. छापण्याआधी तो प्रश्न चार जणांना सोडवायला द्या. दोन तितकीच पक्की उत्तरं आली, तर तो पेपरात टाकू नका. माझा टिळक-कर्वेवाला प्रश्न परीक्षेत नापास आहे आणि लाइट गेलेल्या रात्रीसाठी डिस्टिंक्शनमध्ये पास!

मग आम्ही नियमच बदलला. उत्तराला मार्क नाही, कारणाला मार्क. कारण समोरच्याने खोडून काढलं, तर मार्क त्याला. बारा वाजता स्कोअर होता भाची अकरा, सीए सात आणि आम्ही बाकीचे लाज वाटेल इतके. गाईडची शेवटची पानं तिने एकदाही उघडली नाहीत. वहिनीने ते माझ्या आधी बघितलं होतं.

झोपताना बँकवाला एकदम म्हणाला, ‘मागच्या नोकरीत मला सांगितलं होतं, तू टीममध्ये फिट होत नाहीस. कारण काय, तर मी सहाला निघायचो. काम पूर्ण करून सहाला निघणाऱ्यांचा गट केला असता, तर त्या फ्लोअरवर बाकीचे सगळे घुसखोर ठरले असते!’ आम्ही हसलो. पण तेव्हा त्याने वर्षभर स्वतःलाच दोष दिला होता, हे आम्हाला माहीत होतं. नियम कोणी ठरवलाय, हे विचारायचं त्यालाही तेव्हा सुचलं नव्हतं.

सकाळी भाची आम्हाला गाव दाखवायला घेऊन गेली. घुमटवालं महालक्ष्मीचं देऊळ, याकूबबाबांचा दर्गा, भारजेच्या खाडीजवळची ती प्रसिद्ध वाळूची टेकडी आणि किनारा. इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वाळूत फतकल मारून तिने आमचा पेपर काढला.

‘देऊळ, दर्गा, टेकडी, कासव. वेगळं कोण?’

‘कासव,’ आयटीवाली म्हणाली. ‘एकच सजीव आहे.’

‘अर्धा मार्क. अजून कारण आहे.’

आम्ही डोकं खाजवलं. हरलो म्हणून सांगितलं.

‘बाकी सगळे केळशीतच राहतात. कासव नुसतं येतं आणि जातं,’ ती म्हणाली आणि आमच्या बॅगांकडे बघून हसली, ‘तुमच्यासारखं.’

खोडून काढा बघू हे!

जाता जाता : शुक्रवार, बोनस, अप्रेझल, सीटीसी. गटात न बसणारं पद ओळखा. उद्या लंच टाइममध्ये टेबलावर टाकून बघा. अट एकच, उत्तराला मार्क नाही, कारणाला आहे.