मेलबॉक्स भरला कार्यालयाचा, भुर्दंड अर्जदाराला का?

अर्जाची मुदत संपत आलेली असते. कागदपत्रे जोडून ई-मेल जातो आणि 'मेलबॉक्स फुल' असा निरोप घेऊन परत येतो. अर्जदाराची काही चूक नसते, तरी धावपळ त्यालाच करावी लागते.

कोटा म्हणजे काय?
ई-मेल सर्व्हरवर प्रत्येक खात्याला ठरावीक जागा मिळते. तो त्याचा कोटा. एकाच खात्याने सगळी जागा व्यापून इतरांचे मेल अडवू नयेत, यासाठी ही मर्यादा असते. ती असण्यात गैर काही नाही.

जागा लवकर का भरते?
खरी जागा खातात त्या जोडलेल्या फायली. मेलमधून जाताना त्यांचे रूपांतर साध्या अक्षरांत होते आणि आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. ९ एमबीची पीडीएफ १२ एमबीच्या घरात जाते. 'सेंट'मधली प्रतही कोट्यात मोजली जाते. 'ट्रॅश'मधले मेलही सहसा तो रिकामा होईपर्यंत जागा अडवतात. जीमेलच्या मोफत खात्यात तर १५ जीबीची जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो यांत मिळून असते.

भरल्यावर काय होते?
काही सर्व्हर मेल लगेच परत पाठवतात. काही तात्पुरता नकार देतात. मग पाठवणाऱ्याचा सर्व्हर चार-पाच दिवसही प्रयत्न करत राहू शकतो. तेवढ्यात मुदत टळते. कार्यालयात मात्र इनबॉक्स शांत दिसतो, कारण न आलेला मेल कुणाला दिसत नाही.

उपाय काय?
'जुने मेल डिलीट करा' हा सल्ला अपुरा आहे. कार्यालयाचे मेल हे दप्तर आहे. घाईत पुसले तर पुरावाच जातो. जुने मेल वेगळ्या अर्काइव्हमध्ये हलवावेत, अर्ज आणि तक्रारी घेणाऱ्या खात्याला जास्त कोटा द्यावा. कोटा ८० टक्के भरताच इशारा देण्याची सोय बहुतेक मेल सर्व्हरवर असते. तो इशारा तंत्रज्ञाबरोबर विभागप्रमुखालाही जायला हवा.

आणखी एक नियम हवा. कार्यालयाचा मेलबॉक्स भरल्यामुळे अर्ज परत आला, तर तो मुदतीत आला असे मानावे. परतीच्या निरोपावर तारीख आणि वेळ असतेच. खिडकी बंद ठेवणाऱ्यानेच रांगेतल्या माणसाला 'उशीर झाला' म्हणणे न्यायाचे नाही.