अनुभवाचा दाखला आणि अनुभवाची पारख

‘आधीच्या ठिकाणी आपण काय काम करीत होता?’ नोकरीच्या मुलाखतीतील हा सर्वांत साधा प्रश्न. गेल्या दोन दशकांत मात्र त्याचे स्वरूप पालटले आहे. उमेदवाराचे काम समजून घेणे हा त्याचा मूळ हेतू. आज उमेदवार सांगतो ते कागदाशी जुळते की नाही, एवढ्यावरच पुष्कळदा निकाल लागतो. पडताळणी आवश्यक आहे, यात वाद नाही. परंतु पडताळणी म्हणजेच पारख, हा जो समज रूढ होत चालला आहे, त्याची किंमत प्रामाणिकपणे काम केलेले अनेक जण मोजत आहेत.

अविश्वासाची मुळे

हा अविश्वास अकारण निर्माण झालेला नाही. माहिती-तंत्रज्ञान उद्योगात भरतीची लाट आली, तेव्हा बनावट अनुभवपत्रांचा बाजारही तेजीत आला. त्याला आळा घालण्यासाठी ‘नॅसकॉम’ने २००६ मध्ये कर्मचाऱ्यांच्या पडताळलेल्या माहितीची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. २०१४ मध्ये भविष्य निर्वाह निधी संघटनेने प्रत्येक सदस्याला एकच कायम खाते क्रमांक दिला आणि कोण, कुठे, किती काळ नोकरीत होता, याचा माग काढणे सोपे झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘विप्रो’चे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी स्पर्धक कंपन्यांसाठीही काम करणाऱ्या ३०० कर्मचाऱ्यांना काढून टाकल्याचे सांगितले. तेव्हापासून मनुष्यबळ विभाग अधिकच सावध झाले.

कागदाबाहेर राहिलेले काम

प्रश्न आहे तो ज्यांचे काम खरे, पण कागद अपुरा, अशांचा. चाकण किंवा भोसरीतील एखादा कंत्राटी कामगार वर्षानुवर्षे एकाच कारखान्यात, एकाच यंत्रावर उभा असतो. दरम्यान ठेकेदार बदलत राहतात. भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत मात्र ठेकेदारांची नावे उमटतात. पाहणाऱ्याला तो सतत नोकऱ्या बदलणारा वाटतो. ज्या कारखान्याचे काम त्याने केले, त्याचे नावही त्यात नसते. छोट्या पेढीत रोखीने पगार घेऊन हिशेब सांभाळणाऱ्या कारकुनाची स्थिती याहून बिकट. मुलांच्या संगोपनासाठी काही वर्षे नोकरी सोडलेल्या स्त्रीला तर आधीच्या दहा वर्षांच्या कामापेक्षा मधल्या खंडाचाच खुलासा अधिक करावा लागतो.

कागद ज्यांच्या हाती आहे, त्यांची बाजूही तपासली पाहिजे. सोडून जाणाऱ्या कर्मचाऱ्याचे कार्यमुक्तीपत्र अडवून ठेवणे, हे दबावाचे सोयीस्कर साधन झाले आहे. नवी कंपनी त्या पत्रासाठी अडून बसते, जुनी ते देत नाही आणि उमेदवार दोहोंच्या कात्रीत सापडतो.

वर्षे मोजावीत की काम?

गंमत अशी, की ज्या वर्षांच्या पडताळणीसाठी एवढा खटाटोप होतो, त्या वर्षांवरून माणसाच्या कुवतीचा अंदाज फारसा बांधता येत नाही. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या अमेरिकी संशोधकांनी १९९८ मध्ये अनेक दशकांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात अनुभवाची वर्षे आणि प्रत्यक्ष कामगिरी यांतील सहसंबंध अवघा ०.१८ भरला, सर्वांना तेच प्रश्न ठरलेल्या निकषांवर विचारणाऱ्या नियोजनबद्ध मुलाखतीचा ०.५१. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ही गणिते नव्याने तपासली, तेव्हा हे आकडे ०.०७ आणि ०.४२ असे खाली आले. तरीही निवडीच्या पद्धतींत नियोजनबद्ध मुलाखतच अग्रस्थानी राहिली. अर्थ उघड आहे. किती वर्षे नोकरी केली, यापेक्षा कोणती अडचण आली, तेव्हा स्वतः काय केले आणि त्यातून काय निष्पन्न झाले, हे नेमकेपणाने विचारणे अधिक उपयोगी ठरते.

आत्मस्तुती नव्हे, हिशेब

अशा प्रश्नांना उत्तर देणे मराठी उमेदवाराला अनेकदा जड जाते. आत्मस्तुतीची गणना दासबोधाने मूर्खलक्षणांत केली आहे आणि तो संस्कार घराघरांत मुरलेला आहे. त्यामुळे ‘मी केले’ म्हणण्याऐवजी ‘आम्ही केले’ म्हटले जाते आणि समोरच्याला त्याचा वाटा कळतच नाही. दुसऱ्या टोकाला शिकवणी वर्गांतून पाठ केलेली, सर्वांच्या तोंडी सारखीच असणारी चकचकीत उत्तरे आहेत. खरा मार्ग या दोहोंच्या मधला आहे. ‘मशिन चालवत होतो’ असे सांगणाऱ्या कामगाराने यंत्राच्या जुळणीचा वेळ कसा कमी केला, नासाडी कुठे थांबवली, हे सांगितले तर ती बढाई होत नाही. तो कामाचा हिशेब असतो. तो खरा की रचलेला, हे दोन-चार उपप्रश्नांत कळते. मात्र असे प्रश्न विचारण्यासाठी मुलाखतकारालाही ते काम ठाऊक असावे लागते.

कायद्याची अर्धी वाट

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार श्रमसंहितांनी प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणे बंधनकारक केले. वर्षानुवर्षे तोंडी बोलीवर राबणाऱ्यांसाठी हे पाऊल मोलाचे आहे. परंतु नियुक्तीपत्र नोकरीच्या आरंभाचा पुरावा. केलेल्या कामाचा नव्हे. जुन्या स्थायी आदेशांच्या आदर्श नमुन्यात सेवा संपताना प्रमाणपत्र मिळण्याचा हक्क होता, तोही कायम कामगारालाच. नव्या संहितेत स्थायी आदेशांची सक्ती ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरती आहे. पूर्वीच्या केंद्रीय कायद्यात ही मर्यादा १०० होती. म्हणजे ज्यांना दाखल्याची निकड सर्वाधिक, तेच या चौकटीबाहेर राहतात.

युरोपीय संघाने २०२३ च्या निर्देशाद्वारे उमेदवाराला आधीचा पगार विचारण्यास मनाई केली आणि सदस्य देशांना त्यासाठी ७ जून २०२६ ही मुदत दिली. जुन्या नोकरीत झालेला अन्याय नव्या नोकरीत उमेदवाराच्या मागे येऊ नये, हे त्यामागील सूत्र. आपल्याकडे मागील पगाराच्या चिठ्ठ्या मागणे अजून रिवाजाचाच भाग आहे. प्रत्येक कामगाराला, मग तो कायम असो वा कंत्राटी, प्रत्यक्ष कामाचे स्वरूप आणि ठिकाण नमूद करणारा दाखला ठरावीक मुदतीत मिळण्याची तरतूद झाली, तर पडताळणीचा हेतूही साधेल आणि मुलाखतीत खऱ्या कामाविषयी बोलायला अवसर मिळेल. तोवर खोटा कागद बाळगणारा निभावून जाईल आणि खरे काम केलेला दाराबाहेर राहील, ही विसंगती कायम राहणार.