काम परदेशी जाते तेव्हा...

फेब्रुवारी २००४. अमेरिकी अध्यक्षांच्या आर्थिक सल्लागार मंडळाचे तत्कालीन प्रमुख ग्रेगरी मॅनकिव यांनी, परदेशातून कामे करून घेणे हा आंतरराष्ट्रीय व्यापाराचाच नवा प्रकार असून दीर्घकाळात तो लाभदायकच ठरेल, असे मत मांडले आणि तेथे गदारोळ उडाला. नोकरी गमावलेल्यास दीर्घकालीन लाभाचे गणित पटणे शक्यच नव्हते. त्याच काळात पुण्याजवळच्या हिंजवडीत मात्र माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या इमारती उभ्या राहत होत्या. तिकडचा तोटा तो इकडचा नफा, असा सोपा हिशेब आपण मांडला. तो अपुरा होता.

काम परदेशी जाते त्याचे कारण केवळ स्वस्त मनुष्यबळ नव्हे. प्रिन्स्टन विद्यापीठातील अर्थतज्ज्ञ ॲलन ब्लाइंडर यांनी २००६ मध्ये याची नेमकी कसोटी सांगितली. काम उच्चशिक्षिताचे की अल्पशिक्षिताचे हा मुद्दा गौण. दर्जा न घटता ते तारेवरून पाठवता येते का, हा खरा प्रश्न. क्ष-किरण चित्राचे वाचन समुद्रापार होऊ शकते, घरातला गळका नळ मात्र तेथेच जाऊन दुरुस्त करावा लागतो. थोडक्यात, पदवी हे कवच नव्हे.

ही कसोटी आपल्यालाही चुकलेली नाही. दूरध्वनीवरून ग्राहकसेवा देण्याच्या व्यवसायात २०१० च्या सुमारास फिलिपिन्सने भारताला मागे टाकले. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार, म्हणजे दोन टक्के कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. झळ मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीला बसणार होती. कारण म्हणून कंपनीने कृत्रिम बुद्धिमत्तेकडे नव्हे, तर कौशल्यांच्या विसंगतीकडे बोट दाखवले.

यातून घ्यायचा बोध स्पष्ट आहे. जे काम नियमांत बांधून दुसऱ्याच्या हाती देता येते, ते आज ना उद्या अधिक स्वस्त माणसाकडे किंवा यंत्राकडे जाणारच. टिकते ती कामामागील व्यवसायाची जाण. बँकेसाठी आज्ञावली लिहिणाऱ्यास कर्ज का बुडते हे कळत असेल, तर त्याच्या जागी दुसरा आणणे सोपे नसते. केवळ नवी संगणकीय भाषा शिकून हे साधत नाही.

परंतु सारा भार नोकरदारावर टाकणेही न्याय्य नाही. आयातीमुळे काम गेलेल्यांच्या पुनर्प्रशिक्षणासाठी अमेरिकेने १९६२ मध्ये योजना आखली, २००९ मध्ये सेवाक्षेत्रही तिच्या कक्षेत आणले आणि जुलै २०२२ पासून नव्या लाभार्थींसाठी तिचे दार बंद केले. पंचेचाळिशीतील, घराचे हप्ते फेडणाऱ्या अभियंत्याला ‘नवे शिका’ असे सांगणे सोपे आहे. त्यासाठी लागणारा वेळ आणि पैसा कोण देणार? त्याच्या श्रमांवर वर्षानुवर्षे नफा कमावणाऱ्या उद्योगांनी आणि कर घेणाऱ्या शासनाने या प्रश्नाचे उत्तर नोकरी जाण्यापूर्वीच द्यायला हवे.