एक सौदा नव्हे, दोन सौदे

जनावरांच्या बाजारात बैलाचा भाव रुमालाखाली बोटे दाबून ठरतो, हे भूम-परांड्याकडच्या माणसाला सांगायला नको. शेजारी उभा असलेल्याला काही कळत नाही, आणि कित्येकदा खुद्द मालकालाही नीट कळत नाही. शेतमालासाठी बाजार समित्यांमध्ये उघड लिलाव आला तो याच कारणाने. परंतु आज काचेच्या शोरूममध्ये, थंड हवेत, चहा पीत पीत हाच रुमालाखालचा सौदा होतो. त्याला 'एक्स्चेंज ऑफर' म्हणतात एवढाच फरक.

आमचे एक मामू भूममध्ये खव्याचा व्यापार करतात. भट्टीवरचा खवा काट्यावर चढल्याशिवाय ते पैशाची गोष्ट काढत नाहीत. गेल्या वर्षी जुनी कार देऊन नवी घेण्यासाठी ते एका शोरूममध्ये गेले, तेव्हा आम्ही सोबत होतो. नव्या गाडीची रस्त्यावर येईपर्यंतची किंमत ७ लाख ६० हजार सांगितली गेली. जुन्या गाडीसाठी बार्शीच्या एका दलालाने १ लाख ९० हजार कबूल केले होते. शोरूमवाला म्हणाला, "मामा, तुमच्यासाठी २ लाख १० हजार धरतो. वरचे साडेपाच लाख भरा आणि गाडी घेऊन जा." मामू खूश झाले. दलालापेक्षा वीस हजार जास्त मिळत होते, मग आणखी काय हवे?

आम्ही एकच प्रश्न विचारला. "जुनी गाडी द्यायचीच नाही असे समजा. मग नवीवर सूट किती?" विक्रेता आत साहेबांना विचारून आला आणि म्हणाला, "पस्तीस हजार."

आता हिशेब पाहा. सूट घेऊन नवी गाडी ७ लाख २५ हजारांना पडते. त्यातून दलालाचे १ लाख ९० हजार वजा केले की खिशातून जातात ५ लाख ३५ हजार. म्हणजे वीस हजारांच्या फायद्याचा दिसणारा सौदा प्रत्यक्षात पंधरा हजारांच्या तोट्याचा होता. जुन्या गाडीचा भाव वाढवून दिला, तो नव्या गाडीची सूट दाबून. एका खिशात टाकले आणि दुसऱ्यातून काढून घेतले. खव्याच्या व्यवहारात मामूंनी हे क्षणात ओळखले असते. येथे दोन सौदे एकत्र कालवले गेले आणि काटाच हरवला.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, ग्राहकाने जुन्या गाडीचे नाव शेवटी काढावे. आधी नव्या गाडीचा भाव, सूट, नोंदणीचा कर आणि विमा यांचे वेगवेगळे आकडे लेखी घ्यावेत. त्यानंतर जुन्या गाडीचा भाव विचारावा, तोही किमान दोन ठिकाणी. शेवटी दोन्ही कागद शेजारी ठेवून आपल्याला एकूण किती भरावे लागतात, तेवढाच आकडा पाहावा. विक्रेत्याने जुन्या गाडीला किती मान दिला याला महत्त्व नाही.

बोलणीत काही आकडे हमखास पुढे केले जातात. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आला. त्यापूर्वी तो २८ टक्के आणि वर सेस असा होता. नव्याचा भाव उतरला की जुन्याचाही उतरतो, तेव्हा शेजाऱ्याला त्याआधी मिळालेला भाव आज मागून उपयोग नाही. मात्र "जुन्या गाडीवर आता १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणून भाव कमी" असे कोणी म्हणाल्यास ते जसेच्या तसे मान्य करू नये. २०२५ च्या जानेवारीपासून हा दर लागू आहे खरा, पण तो नोंदणीकृत विक्रेत्याच्या नफ्यावर लागतो, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही.

विम्याचेही तसेच. पाच वर्षे दावा न केलेल्या मालकाला विम्यातील स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर ५० टक्क्यांपर्यंत सवलत मिळते. ही सवलत गाडीची नसून मालकाची असते. जुनी गाडी देताना विमा कंपनीकडून तसा दाखला घेतला की ती नव्या गाडीला लागते. शोरूममध्ये याची आठवण कोणी करून देईलच असे नाही. विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे अशी सक्तीही नाही.

हप्त्याने घेणाऱ्यांनी व्याज सरळ आहे की घटत्या शिलकीवर, हे विचारावे. ५ लाखांवर पाच वर्षांसाठी सरळ ७ टक्के म्हणजे महिना ११,२५० रुपये हप्ता, आणि घटत्या शिलकीवर मोजल्यास तोच दर साडेबारा टक्क्यांच्या आसपास जातो. ज्यांना व्याजाचा व्यवहारच नको त्यांनी ते पहिल्याच वाक्यात सांगावे. कारण कित्येकदा सांगितलेली सूट कर्ज घेण्याच्या अटीवर असते. मात्र रोखीचा अर्थ नोटांची पिशवी नव्हे. २०१७ पासून एका व्यवहारात २ लाख किंवा अधिक रक्कम नोटांनी स्वीकारता येत नाही आणि दंड घेणाऱ्याला, घेतलेल्या रकमेइतकाच होतो. आपली जुनी गाडी बाहेर विकताना घेणारे आपण असतो, हे लक्षात ठेवावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मामूंनी काही वर्षांपूर्वी एक जीप स्टॅम्प पेपरवर सही करून विकली. घेणाऱ्याने ती पुढे विकली, त्यानेही पुढे विकली. नाव मात्र कोणी बदलले नाही. त्या जीपचा दंड आजही मामूंच्या मोबाईलवर येतो. दंड भरून सुटका होते, पण अपघात झाला तर? सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात हाच प्रश्न निकाली काढला. पहिल्या मालकाने गाडी २००७ मध्ये विकली होती, ती हातोहात फिरली आणि २००९ मध्ये तिच्याखाली एकाचा जीव गेला. नोंदणीपुस्तकात नाव पहिल्याचेच होते, म्हणून भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच आली. गाडी पाहिलीही नाही अशा माणसाच्या घरावर अशी जप्ती येऊ शकते.

यासाठी जुनी गाडी खाजगी माणसाला विकल्यास नमुना २९ व ३० भरून आर.टी.ओ.त नाव बदलल्याची खात्री करावी. विक्रेत्याला दिल्यास तो परवानाधारक आहे का ते पाहावे. १ एप्रिल २०२३ पासून अशा विक्रेत्याकडे गाडी सोपवताना नमुना २९-सी ने ऑनलाइन कळवता येते आणि त्यानंतर गाडीची जबाबदारी त्याच्याकडे जाते. जुना फास्टॅगही त्याच दिवशी बंद करावा. चावी देण्यापूर्वी हे कागद हातात घ्यावेत. चावी दिल्यानंतर आपल्या फोनला पूर्वीसारखे उत्तर मिळेलच असे नाही.

विक्रेत्याची बाजूही आहे. तो जुनी गाडी दुरुस्त करतो, गिऱ्हाईक येईपर्यंत ठेवतो, पैसे अडकवतो. त्याने नफा घेऊ नये असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, नफा उघड असावा. जो विक्रेता प्रत्येक रकमेचा वेगळा आकडा कागदावर देईल, त्याच्याकडे भूमचा माणूस स्वतः तर पुन्हा जाईलच, वर चार माणसे पाठवील.

शेवटी मामूंनी काय केले? पस्तीस हजार सूट घेतली आणि जुनी गाडी त्याच शोरूमला १ लाख ८५ हजारांना दिली. दलालापेक्षा पाच हजार कमी. परंतु २९-सी ची पोच त्यांनी तिथेच मोबाईलवर पाहिली, मगच चावी टेबलावर ठेवली. परतताना म्हणाले, "जीपच्या वेळी हे पाच हजार सोडले असते तर बरे झाले असते." आम्हालाही तसेच वाटते.