यंत्राचा वाद्यवृंद

पाश्चात्य संगीताची स्वरलिपि लिहिणाऱ्या संगणक-प्रणालींतून आतां खऱ्या वाद्यवृंदासारखा नाद उमटतो; तेव्हां नव्या रचनाकाराचें वादकांवांचून कांहीं अडत नाहीं, असें मोठ्या आवेशानें सांगण्यांत येतें. २०२२ सालीं ‘म्यूझस्कोर ४’ बरोबर प्रत्यक्ष वादकांच्या ध्वनिमुद्रणांवरून घडविलेले नाद विनामूल्य मिळूं लागले; ‘नोटपरफॉर्मर’ तर पुढील स्वर आधींच वाचून स्वरवाक्यास वळण देतो. हें कौशल्य आम्ही नाकारीत नाहीं. पण नाद हुबेहूब असणें निराळें व तोल खरा असणें निराळें! पाश्चात्य बासरीचें खालचें सप्तक मुळांतच क्षीण. तीन ट्राँबोन जोरानें वाजूं लागले कीं तें बुडालेंच. पडद्यावर मात्र आवाजाची कळ जराशी सरकविली, कीं तीच बासरी सर्वांवर मात करते. यंत्राला श्वास घ्यावा लागत नाहीं, त्याचे ओठ थकत नाहींत. पूर्वींचा कृत्रिम नाद निदान आपला खोटेपणा लपवीत नसे. आतांचा नाद रचनाकारालाच फसवितो, आणि ती फसगत पहिल्या तालमीच्या दिवशीं सत्तर वादकांसमक्ष उघडी पडते. यास्तव नवशिक्यानें यंत्र जरूर वापरावें. परंतु निवाडा मागावा तो बासरी फुंकणाऱ्याकडेच.